घास का अडकतो?

घास गिळणे ही इतकी साधी गोष्ट आहे, की तिच्याकडे आपले कधी लक्षच जात नाही. घास तोंडात घातला, चावला, गिळला, की आपले काम संपले. पुढचे काम अन्ननलिकेचे. घशापासून जठरापर्यंत जाणारी ही नळी मोठ्या माणसात सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक लांब असते. पन्हाळीतून पाणी पडावे तसा घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. नळीचे स्नायू वरून खाली क्रमाने आवळत जातात आणि घास पुढे ढकलतात. म्हणून तर माणूस आडवा झोपलेला असला तरी त्याला पाणी गिळता येते.

अशी ही मुकाट्याने काम करणारी नळी एखाद्याच्या बाबतीत कुरकुरू लागली तर काय होते, ते मी माझ्या घरातच पाहिले. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात शिकवणारा एम. ए. झालेला माणूस आहे. पण जे घरात घडले त्यामुळे या विषयाचे वाचन करावे लागले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारावे लागले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

माझा एक भाचा डोंबिवलीला राहतो. पानावरून सगळ्यांत शेवटी उठणारा. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट हवा. भाकरी असो की पोळी, आमटीत कुस्करून मऊ केल्याशिवाय खायची नाही. सकाळी गाडी गाठण्यासाठी डबा घेऊन पळायचा आणि संध्याकाळी तो डबा पुष्कळदा अर्धा परत यायचा. "याचे जेवण म्हणजे सत्यनारायणाची पूजा, संपता संपत नाही," अशी आम्ही थट्टा करायचो. त्या थट्टेत मीही होतो. दोनएक वर्षे पित्ताची औषधे अधूनमधून घेऊन झाली. कुणी म्हणाले, मनाचा खेळ आहे. कुणी म्हणाले, लाडावलाय.

मग एका लग्नाच्या पंगतीत पुरीचा घास अडकला तो अडकलाच. पाणी प्याला, ते वर आले. थुंकीसुद्धा खाली उतरेना. श्वास चालू होता, बोलता येत होते, पण छातीच्या मध्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मामा, इथे बसलाय." रात्री दवाखान्यात दुर्बीण घालून घास काढला. त्याच वेळी डॉक्टरांनी नळीच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासायला पाठवले, आणि चार दिवसांनी रोगाचे नाव कळले: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सरळ आहे. अन्ननलिकेची वावड्यामुळे आलेली, वर्षानुवर्षे टिकणारी सूज.

वावडे हा शब्द आपल्या घराघरातला आहे. एकाला कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात, दुसऱ्याला धुळीने शिंकांवर शिंका येतात. जो पदार्थ शेजारच्याला काही करत नाही, त्यालाच आपले शरीर शत्रू समजते. नाकात हे घडले तर सर्दी, फुप्फुसात घडले तर दमा, त्वचेवर घडले तर इसब. तेच अन्ननलिकेत घडले तर हा रोग. म्हणूनच ज्यांना हा रोग होतो त्यांच्यापैकी पुष्कळांना आधीपासून दमा, इसब किंवा शिंकांचा त्रास असतो. बायकांपेक्षा पुरुषांत हा रोग जास्त, जवळजवळ तिप्पट, आढळतो.

आता नावातले इओसिनोफिल म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी आहेत, त्यांतलीच ही एक जात. जर्मनीतल्या पॉल एर्लिख या शास्त्रज्ञाने १८७९ साली रक्ताच्या थेंबावर इओसिन नावाचा रंग टाकला, तेव्हा काही पेशींतले कण लालभडक झाले. इओसिनची आवड असलेल्या त्या इओसिनोफिल. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर हा शब्द आपण वाचला असेल. या पेशींचे एक मोठे काम म्हणजे पोटातल्या जंतांशी लढणे. त्यांच्या पोटात जळजळीत द्रव्यांच्या पुड्या असतात, आणि शत्रू दिसला की त्या फोडल्या जातात.

निरोगी माणसाच्या आतड्यांत या पेशी थोड्याफार असतातच. अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्या नसतात. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात पंधरा किंवा त्याहून अधिक इओसिनोफिल दिसले, गिळण्याचा त्रासही असला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर या रोगाचे निदान करतात. अशा नळीवर दुर्बिणीतून उभ्या चरा किंवा एकाखाली एक कडी दिसतात. सूज वर्षानुवर्षे राहिली, की आत वण धरतो आणि नळी अरुंद व ताठर होत जाते. मग एके दिवशी पुरीचा घास अडकतो.

हा रोग वैद्यकाला स्वतंत्रपणे ओळखता आला तो अगदी अलीकडे. १९९३ साली अ‍ॅटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये स्ट्राउमान यांनी, घास अडकणाऱ्या थोड्या रुग्णांचे वर्णन करून हा प्रकार पित्ताहून वेगळा असल्याचे दाखवले. १९९५ मध्ये अमेरिकेत केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दहा मुलांचे नेहमीचे अन्न बंद केले आणि त्यांना प्रथिनांऐवजी त्यांचे सुटे घटक असलेले खास दूध दिले. आठ मुलांचा त्रास गेला, दोघांचा कमी झाला. रोगाचे मूळ अन्नातल्या प्रथिनांत आहे, हे त्यावरून ठरले. तेव्हा आमच्या भाच्याला पूर्वी कुणी ओळखले नाही, यात नवल नव्हते. मात्र आज हा रोग आपल्या देशातल्या रुग्णालयांतही सापडतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. या रोगावर अलीकडे प्रतिपिंडांचे औषध निघाले आहे. प्रतिपिंड म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला शहरवाल्यापेक्षा लवकर समजेल. शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात भात लावताना कुणाला साप चावला, तर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते प्रतिपिंडांचेच असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला अगदी थोड्या प्रमाणात टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाला जखडून टाकणारी प्रथिने तयार करते. हीच ती प्रतिपिंडे. ती घोड्याच्या रक्तातून वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले. प्लेगची लस शोधणाऱ्या डॉ. हाफकिन यांचे नाव या संस्थेला १९२५ साली दिले गेले.

प्रतिपिंडाचा आकार साधारण गलोलीच्या बेचकीसारखा असतो. बेचकीच्या दोन टोकांवर विशिष्ट खाचा असतात, आणि त्या खाचांत एकच ठरावीक वस्तू बसते. कुलूप तसे किल्ली. पण घोड्यापासून काढलेल्या औषधात हजार तऱ्हांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. काही उपयोगी, पुष्कळशा निरुपयोगी. शिवाय घोड्याचे प्रथिन आपल्याला परके. म्हणून ते टोचल्यावर एखाद्याला थंडी वाजते, अंगावर पित्त उठते.

एकाच तऱ्हेची किल्ली हवी तेवढी बनवता आली तर? ते १९७५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जमले. कोहलर आणि मिलस्टीन या दोघांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न थांबता वाढत राहणारी कर्करोगाची पेशी यांचा संयोग केला. पहिलीने कसब दिले, दुसरीने आयुष्य दिले. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्राने बनलेल्या औषधांच्या नावांच्या शेवटी बहुधा 'मॅब' ही अक्षरे येतात, तेवढी खूण लक्षात ठेवावी. हे सारे परदेशातलेच आहे असे समजू नका. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जखमेभोवती टोचायचे असेच एकजातीय प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवले आणि २०१६-१७ च्या सुमारास ते आपल्याकडे वापरात आले.

साप आणि कुत्रा यांच्या बाबतीत शत्रू बाहेरचा होता. प्रतिपिंड त्याला जखडते, इतके सरळ. अन्ननलिकेच्या रोगात मात्र विष बाहेरून आलेले नाही. घरच्याच माणसांनी घरात दंगल मांडली आहे. मग प्रतिपिंड सोडायचे ते कुणावर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पंधरा-वीस वर्षे गेली, आणि ती हकीकत शिकण्यासारखी आहे.

आधी दंगल कशी होते ते पाहू. गावात दवंडी पिटली की माणसे चावडीवर जमतात, तशी शरीरातही दवंडी असते. दवंडी पिटणारी ही द्रव्ये एका पेशीतून निघतात आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या 'कानां'वर पडतात. वावड्याच्या बाबतीत तीन दवंड्या महत्त्वाच्या. त्यांना शास्त्रज्ञ इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-५ आणि इंटरल्युकिन-१३ म्हणतात. पाच क्रमांकाची दवंडी इओसिनोफिल जन्माला घालते आणि पोसते. तेरा क्रमांकाची दवंडी अन्ननलिकेच्या अस्तरालाच जाऊन सांगते. ती ऐकून अस्तर इओसिनोफिलना बोलावणारे द्रव्य सोडते आणि स्वतः सैल पडते. कौले सरकलेल्या छपरातून पाणी झिरपावे, तसे अन्नाचे कण आत झिरपतात आणि दंगल आणखी वाढते. अमेरिकेत सिनसिनाटी येथे रोथेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली या बोलावणाऱ्या द्रव्याकडे लक्ष वेधले.

आता उपचाराचे तीन प्रयत्न पाहा. पहिला प्रयत्न वावड्याच्या नेहमीच्या प्रतिपिंडावर. दमा किंवा गांधी यांत आपल्याच शरीरातले 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड खोडी काढते; त्याला जखडणारे ओमालिझुमॅब हे औषध दम्यावर चालते. अन्ननलिकेवर ते चालले नाही. म्हणजे हे वावडे त्या जातीचे नव्हेच. कातडीवर सुया टोचून किंवा रक्त तपासून कोणते अन्न बाधते हे या रोगात खात्रीने का सांगता येत नाही, तेही यावरून उमगते.

दुसरा प्रयत्न सरळ इओसिनोफिलवर. सूज त्यांची, तेव्हा त्यांनाच घालवा, हा विचार कुणालाही पटेल. बेनरालिझुमॅब या औषधाने ते करून दाखवले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शंभरांतल्या सुमारे ८७ रुग्णांच्या नळीतून इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले. पण नवल असे, की त्यांचे गिळणे काही सुधारले नाही. चावडीवरची गर्दी पांगवली, दवंडी मात्र चालूच राहिली. रोगाला ज्या पेशीचे नाव दिले, ती पेशी म्हणजेच सारा रोग नव्हे, हे या अपयशाने शिकवले.

तिसरा प्रयत्न दवंडीच ऐकू येऊ न देण्याचा. चार आणि तेरा या दोन्ही दवंड्या ऐकणाऱ्या कानांचा एक भाग सामाईक आहे. ड्युपिलुमॅब नावाचे प्रतिपिंड नेमके त्या भागावर जाऊन बसते. एका बोळ्याने दोन्ही दवंड्या बंद. २०२२ अखेर प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला हे औषध घेणाऱ्या शंभरांतल्या सुमारे साठ जणांची नळी चोवीस आठवड्यांत पेशींच्या मापाने शांत झाली. नुसते पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण पाच-सहा होते. आणि मुख्य म्हणजे, गिळणे सुधारले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी, आणि जानेवारी २०२४ मध्ये किमान १५ किलो वजनाच्या, एक वर्षावरील मुलांसाठी या औषधाला या रोगापुरती परवानगी दिली. हे औषध पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली टोचायचे असते. तोंडाने घेऊन भागत नाही, कारण प्रतिपिंड हे प्रथिन आहे, आणि जठर त्याला डाळीसारखे पचवून टाकील.

इथे एक इशारा द्यायला हवा, आणि तो आपल्या भागाला विशेष लागू आहे. या दवंड्या निसर्गाने उगीच ठेवलेल्या नाहीत. जंतांशी लढण्यासाठी त्या लागतात. तेव्हा कान बंद करण्याआधी पोटात जंत नाहीत ना, हे पाहावे लागते आणि असल्यास आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. गुरुजी आणि बाई, शाळेत जंतनाशक दिनी आपण मुलांना जी गोळी देता, तिचे महत्त्व असे दूरवर पोचते. रक्तात इओसिनोफिल वाढल्याचा कागद पाहून लगेच हा रोग ठरवू नये, तेही याचसाठी. आपल्याकडे त्याचे कारण पुष्कळदा जंतच असतात. शिवाय हे औषध घेताना सुईच्या जागी लाली येऊ शकते, एखाद्याचे डोळे लाल होतात, आणि जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्या लागतात.

औषध फार महाग आहे, आणि ते बंद केले की सूज बहुधा परतते, हेही सांगितले पाहिजे. पण वाचकहो, घाबरून जाऊ नका. सुईपर्यंत जाण्याआधी तीन स्वस्त पायऱ्या आहेत. एक, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. पूर्ण मात्रेत आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे घेतल्या, तर पुष्कळांची सूज त्यानेच उतरते. भाच्याने त्या घेतल्या होत्या खऱ्या, पण आठवल्या तेव्हा आणि दुखले तेव्हा. दुसरी पायरी, दम्यासाठी ओढायचे सूज उतरवणारे औषध ओढण्याऐवजी गिळणे. ते नळीला आतून लेपासारखे लागते. तिसरी पायरी पथ्याची.

पथ्यात सहा अन्नगट येतात: दूध, गहू, अंडी, सोयाबीन, दाणे-बदाम यांचा गट आणि मासे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत असे दिसले, की मोठ्या माणसांत एकटे दूध सोडले तरी सहाही गट सोडण्याइतकाच गुण येतो. गहू सोडायची वेळ आलीच, तर आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? तांदळाची भाकरी आहे, नाचणी आहे, वरई आहे. मात्र वाढत्या मुलाचे दूध किंवा अंडी घरच्या घरी, ऐकीव माहितीवर बंद करू नयेत. आधी डॉक्टर, मग पथ्य; आणि गुण आला की नाही हे पुन्हा दुर्बिणीने पाहायचे. नळी फारच अरुंद झाली असेल, तर फुग्याने ती हळूहळू रुंद करतात. या सगळ्यांनी भागले नाही, तर प्रतिपिंड.

आता आपण काय करायचे? लहान मुलात हा रोग वेगळ्या रूपात येतो. मूल वारंवार उलटी करते, जेवायला नको म्हणते, वजन वाढत नाही. मोठ्या मुलात आणि तरुणात घास अडकतो. शाळेत पोषण आहाराच्या पंगतीत एखादा मुलगा रोज शेवटी उठत असेल, घासागणिक पाणी पीत असेल, कोरडे अन्न टाळत असेल, आणि त्याला दम्याचा किंवा इसबाचा त्रासही असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्या आईवडिलांना बोलावून शांतपणे सांगा. तालुक्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जाता येते. ठाण्याच्या बाजूला कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तिथे चौकशी करता येईल. डॉक्टरांना एक विचारायला विसरू नका: दुर्बीण घालालच, तर तुकडेही तपासायला घ्याल ना? कारण नळी वरून बरी दिसली, तरी पेशी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

घास अडकलाच तर? माशाचा काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला सांगायची आपल्याकडे रीत आहे. अडकलेल्या घासावर दुसरा घास दडपू नये. थुंकी गिळता येत नसेल, तर तसेच रुग्णालय गाठावे. आणि श्वास अडला, आवाज फुटेना, तर घास श्वासनळीत गेला आहे. ती गोष्ट मिनिटांची. माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळहाताने जोराचे तडाखे द्यावेत आणि त्याच वेळी मदत बोलवावी.

आमच्या भाच्याला त्या महाग सुईची गरज अजून पडलेली नाही. दूध बंद आहे, गिळायचे औषध नेमाने चालू आहे, आणि दुसऱ्या वेळच्या तपासणीत पेशी पुष्कळ कमी झाल्या होत्या. गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे जेवायला होता. पानावरून पहिला उठला नाही, पण शेवटचाही उठला नाही. शेवटचा मी होतो. हात धुताना तो एवढेच म्हणाला, "मामा, तुमची पूजा संपली का?" त्या थट्टेवर रागावण्याचा अधिकार मला राहिलेला नव्हता.